आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) हेलिकॉप्टरचं लँडिंग गिअर सारखं तुटतंय, ते मजबूत कसं करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ४५० साइजचं इलेक्ट्रिक हेलिकॉप्टर आहे, नुकतंच शिकताय, महिन्याभरात तिसऱ्यांदा स्किडचे (मशीन ज्यांवर उभं राहतं त्या दोन आडव्या नळ्यांचे) प्लास्टिकचे पाय तुटले. जमीन सोडण्याआधी मशीन थरथरतं. तर अ‍ॅल्युमिनियमचं गिअर बनवून घ्यावं का, आणि नवशिक्यांसाठीचं ते चार चेंडूंचं ट्रेनिंग गिअर (स्किडखाली बांधायच्या लांब काड्या, टोकांना चेंडू) बसवायचं कसं?

अ‍ॅल्युमिनियमचं बनवून घेऊ नका. मी घेतलं होतं.

माझेही पाय असेच तुटायचे. वैतागून सातपूरला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये २ मिलिमीटरची पट्टी वाकवून पाय करून घेतले. दिसायला झकास, हातात घेतलं की वाटायचं आता ट्रॅक्टरखाली गेलं तरी काही होणार नाही. पुढच्याच रविवारी कंबरेएवढ्या उंचीवरून आपटलं. पायांना ओरखडाही नाही. पण खालची प्लेट तडकली, मेन शाफ्ट वाकला, एका सर्व्होचे (ब्लेडचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) दात गेले आणि धक्क्याने खाली लवलेल्या ब्लेडनं टेल बूम (शेपटीची नळी) कापला. आधी एका आपटण्याला पायांची एक जोडी जायची, तीही पुडीत दोन मिळायची. या वेळी पैशांचं अख्खं पाकीट रिकामं झालं आणि सुटे भाग येईपर्यंत तीन आठवडे मशीन माळ्यावर.

म्हणजे घरातल्या फ्यूजसारखं आहे हे. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याजागी जाड तार टाकणारे लोक असतात, मग जळतो तो फ्रिज. स्किडचे पाय हा हेलिकॉप्टरचा सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि तुटणं हे त्याचं काम आहे. आपल्याला बघायचंय ते दुसरंच: तुटण्याची वेळ इतक्यांदा का येते, आणि आली तर फक्त पायच कसे तुटतील.

आधी ट्रान्समीटर हातात घ्या. गिअरचा प्रश्न असला तरी दहातल्या सहा वेळा उत्तर तिथे सापडतं. तुमच्या नॉर्मल मोडचा पिच कर्व्ह बघा, म्हणजे स्टिकच्या कोणत्या जागेला ब्लेडचा कोन (पिच) किती ते. कलाबाजीसाठीचा सरळसोट कर्व्ह तसाच ठेवला असेल तर स्टिक पूर्ण खाली म्हणजे उणे १० अंशांच्या आसपास पिच. घाबरलेला माणूस काय करतो? स्टिक खाली ओढतो. त्या क्षणी हेलिकॉप्टर पडत नाही, रोटर त्याला जमिनीकडे ढकलतो. यापुढे प्लास्टिक काय नि लोखंड काय. शिकताना तळाला उणे २ अंश, फार तर वारा असेल तर उणे ३, मध्यावर अधिक ५ च्या आसपास, म्हणजे साधारण हॉवरला (एका जागी तरंगायला) लागतो तेवढा, आणि वर ९ ते १०. पिच गेज नसेल तर मोबाइलमधलं अंश मोजणारं अ‍ॅप चालतं, फोन ब्लेडला नीट टेकवता आला पाहिजे एवढंच. आणि मोजताना मोटरच्या वायरी काढून ठेवा. हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण मी एकदा काढल्या नव्हत्या.

दुसरं, थ्रॉटल होल्डचा, म्हणजे मोटर तत्क्षणी बंद करणारा खटका. बोटाला तो डोळे मिटून सापडला पाहिजे. तोल गेला की आधी होल्ड, मग बाकीचा विचार. मोटर बंद असताना कलंडलेलं हेलिकॉप्टर आणि मोटर चालू असताना कलंडलेलं हेलिकॉप्टर यांच्या दुरुस्तीच्या बिलात निदान चौपटीचा फरक असतो.

आता थरथर. स्टँडवर उभी लाल एसटी आठवा. इंजिन मंद चालू असतं तेव्हा खिडक्या अशा खडखडतात की बोलणं ऐकू येत नाही, आणि ड्रायव्हरनं जरा रेस केली की सगळं गप्प. त्या विशिष्ट वेगाला खिडकीची स्वतःची थरथर आणि इंजिनचे ठोके जुळतात. आपलंही तसंच. ४५० चा रोटर मिनिटाला २५०० फेऱ्या धरा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२. शून्यापासून तिथवर जाताना मधे कुठेतरी एक वेग असा येतो की स्प्रिंगसारख्या स्किडवर उभं असलेलं धड त्याच तालात डोलायला लागतं. तो वेग झटकन ओलांडला तर प्रश्न नाही. नवशिका तिथेच थबकतो, "अरे हे काय होतंय" म्हणत, आणि थरथर वाढत वाढत मशीन आडवं होतं.

यावर तीन गोष्टी करून पाहा, याच क्रमानं. पहिली फुकट आहे. ब्लेडचे बोल्ट किती आवळलेत? हेलिकॉप्टर आडवं धरा, ब्लेड आपल्या वजनानं लोंबायला नकोत, पण हातानं हलका झटका दिला की सरकायला हवीत. फार घट्ट असतील तर फिरताना एका रेषेत येत नाहीत, फार सैल असतील तर सुरुवातीला मागेपुढे राहतात. दोन्हींत थरथर. दुसरी गोष्ट, स्किडच्या नळ्यांखाली मऊ काहीतरी. फिश टँकच्या हवेची सिलिकॉनची नळी उभी चिरून पाइपवर चढवा, किंवा माझ्यासारखं करा: बाबांच्या जुन्या हवाई चपलेचे चार तुकडे, प्रत्येकी दोन बोटं लांब, केबल टायनं चार टोकांना बांधले. पंधरा मिनिटांचं काम, आणि थरथर पाऊणपट गेली. (बाबांना वाटत होतं चप्पल कुत्र्यानं नेली. अजून वाटतं.) एवढ्यानं भागलं नाही तर हेडमधले (ब्लेड जिथे बसतात त्या भागातले) रबरी डॅम्पर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या रिंगा, बघा. जुनी रिंग दगडासारखी कडक किंवा चुरगळलेली असते.

पाय फ्रेमला लावताना काय करावं, तर तिथेही फ्यूज ठेवावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डाखाली लावायचे नायलॉनचे स्क्रू मिळतात. मी सुरुवातीला चारही जागी तेच लावले, तर जरा जोरात टेकलं की पाय निघून हातात. आता पुढचे दोन लोखंडी, खाली पातळ रबरी वॉशर देऊन, आणि मागचे दोन नायलॉनचे. आपटलं की मागचे कटकन तुटतात, पाय वाचतात, फ्रेमला झळ नाही. सुटलेला पाय वर ब्लेडपर्यंत जाऊ नये म्हणून एक केबल टाय सैल गुंफून ठेवतो. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) थेंबभर लावा, प्लास्टिकला मात्र ते लागू देऊ नका, काही प्लास्टिकं त्यानं भेगाळतात. तुटलेला पाय इन्स्टंट गमनं जोडू नका. तो सांधा कडक होतो आणि पुढच्या धक्क्याला काचेसारखा फुटतो. फारच नड असेल तर दोन भागांचा अरल्डाइट, वर दोऱ्याचे वेढे.

पाय नायलॉनचे असतील तर आणखी एक जुनी युक्ती आहे: पंधरा-वीस मिनिटं पाण्यात उकळून तसेच पाण्यात गार होऊ द्यायचे. नायलॉन पाणी शोषतं आणि जरा लवचीक होतं, ठिसूळपणा कमी होतो. स्वयंपाकघरातलं पातेलं वापरू नका. का ते विचारू नका.

गिअर बसवल्यावर काचेच्या टीपॉयवर हेलिकॉप्टर ठेवून चारही टोकांखाली कागद सरकवून बघा. एखाद्या टोकाखाली कागद सहज जात असेल तर नळी पिळलीय किंवा पाय पूर्ण बसलेला नाही. समोरून बघताना मेन शाफ्ट सरळ उभा हवा. वाकडं उभं असलेलं मशीन जमीन सोडताना सरळ न उठता बाजूला घसरतं, आणि बाजूला घसरणारी स्किड गवतात अडकली की त्याच बिंदूवर सगळं उलटं होतं. मोठ्या हेलिकॉप्टरांनाही हाच धोका असतो, आपल्याकडे फक्त पायलट बाहेर उभा असतो.

इथे एक गंमत सांगतो, कारण यात माझे दोन रविवार गेले. सरळ बसवलेलं गिअर, काचेवर चोख, तरी उतरताना दर वेळी उजवी स्किड आधी टेकायची. मी डावा पाय कानसीनं घासला. मग उजव्याखाली वॉशर टाकला. मग दुसऱ्या बाजूचा काढला. शेवटी कागदावर बाण काढले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपले बहुतेक रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात. त्याच्या उलट धड डावीकडे फिरू पाहतं, ते थांबवायला टेल रोटर शेपटीला डावीकडे ढकलतो, आणि त्या ढकलण्यानं अख्खं हेलिकॉप्टर डावीकडे वाहू लागतं. ते एका जागी ठेवायला रोटर किंचित उजवीकडे कलता ठेवावाच लागतो. म्हणजे स्थिर हॉवरमधलं हेलिकॉप्टर उजवीकडे झुकलेलंच असणार आणि उजवी स्किड आधी टेकणारच. मी नाशिकचा. गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिक घडवणारी शाळा आहे, त्यामुळे डोक्यावरून चीता आणि चेतक लहानपणापासून जाताहेत. ती मूळ फ्रेंच घराण्याची, त्यांचाही रोटर घड्याळाच्या दिशेनंच फिरतो. इतकी वर्षं वर बघत आलो आणि हे लक्षात आलं नाही. (त्या दोघांत गिअरचाही फरक बघण्यासारखा आहे: चीताला स्किड, चेतकला तीन चाकं.) तर, उजवी स्किड आधी टेकते म्हणून गिअर घासू नका.

आता तुमचं चेंडूवालं गिअर. ते नक्की लावा, लाज बाळगू नका.

ते का चालतं हे आकड्यांत बघा. माझ्या मशीनची एक स्किड मध्यापासून ७ सेंटीमीटरवर, रोटर जमिनीपासून २२ वर, ब्लेडचं टोक मध्यापासून ३६ वर. एका स्किडवर कलंडायला लागलं तर साधारण ३७ अंशांना ब्लेड जमिनीला लागतं, आणि मोटर बंद धरली तरी ३५ च्या पुढे ते आपल्या वजनानंच पडतं. आता मध्यापासून प्रत्येकी ३० सेंटीमीटरच्या चार काड्या गुणिलेच्या खुणेसारख्या बांधल्या, टोकाला चेंडू. बाजूला कलंडताना टेकू असतो दोन चेंडूंना जोडणाऱ्या रेषेवर, ती मध्यापासून २१ सेंटीमीटरवर येते. उंची चेंडूमुळे दोनेक सेंटीमीटर वाढते. हिशेब केला तर दोन्ही आकडे साठीच्या आसपास जातात. एवढ्या कलात तुम्हाला होल्ड मारायला वेळ मिळतो.

काड्या कशाच्या? बाजारात कार्बनच्या मिळतात. हलक्या आणि सरळ, पण तुटल्या की बारीक कुसळं निघतात आणि बोटात शिरलेलं कार्बनचं कुसळ काढणं म्हणजे अर्धा दिवस सुई घेऊन बसणं. शिवाय कार्बन वीज वाहतो. रिसीव्हरची अँटेना स्किडला बांधली असेल तर तिच्याजवळून कार्बनची काडी नेऊ नका, सिग्नल झाकला जातो. मी बुरुडाकडून बांबूच्या ५ मिलिमीटरच्या कामट्या तासून घेतल्या. आमच्या जिल्ह्यात येवल्याच्या पतंगांमुळे कामटीची जाण असलेली माणसं मिळतात. बांबू वाकतो, करकरतो, म्हणजे मोडण्याआधी सांगतो. दोन काड्या पूर्ण लांबीच्या, ६० सेंटीमीटरच्या घ्या. तुकडे जोडत बसू नका.

चेंडू टेबल टेनिसचे. ४० मिलिमीटरचे, एक २.७ ग्रॅमचा, म्हणजे चारांचं वजन ११ ग्रॅमही नाही. आरपार भोक पाडून काडीचं टोक बाहेर काढा आणि दोन्ही बाजूंना केबल टाय आवळा, नुसता गोंद लावलात तर दुसऱ्या दिवशी चेंडू शोधत फिराल. त्यांचं खरं काम आधार देणं नाही, घसरणं आहे. टोकं उघडी ठेवली तर ती भाल्यासारखी मातीत रुततात आणि गिअरनंच तुम्हाला पाडलं असं होतं.

बांधताना काड्या स्किडच्या खालून न्या आणि प्रत्येक काडी दोन्ही स्किडना बांधा, म्हणजे चार गाठी, शिवाय मधल्या फुलीवर एक रबर. फुली बरोब्बर मेन शाफ्टच्या खाली यायला हवी. बांधून झालं की बॅटरी लावून (मोटरच्या वायरी काढून ठेवलेल्या) ब्लेड बूमला काटकोनात करा आणि हेड दोन बोटांनी धरून मशीन उचला. नाक किंवा शेपूट खाली गेलं तर फुली पुढेमागे सरकवा, नाहीतर बॅटरी सरकवा. मागच्या काड्या वाकून टेल रोटरपर्यंत पोचत नाहीत ना हे हातानं वाकवून बघा. माझ्या मापात त्या मध्यापासून २१ सेंटीमीटरच मागे जातात, त्यामुळे भरपूर जागा उरते. अधिकच्या चिन्हासारखी बांधणी मात्र टाळा. एक काडी थेट शेपटीखाली येते आणि आपण सगळ्यात जास्त पडतो तो नेमका तिरप्या दिशेनं, तिथे आधार उरत नाही.

लांब काड्या स्वतःही थरथरतात. माझ्या पहिल्या जोडीची टोकं एका ठराविक वेगाला कबुतराच्या पंखांसारखी फडफडायची. काड्या दोन-दोन सेंटीमीटर कमी केल्या तेव्हा थांबलं. तुमचं तसं झालं तर जाड काडी आणण्याआधी कापून बघा.

या गिअरसकट गायरोचं (मशीन आपोआप स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरचं) ट्यूनिंग करू नका. टोकाला वजन आलं की शेपूट वळायला सुस्त होते, थांबताना थोडी पुढे जाते. ते बघून गेन (गायरोची तीव्रता) वाढवलात तर गिअर काढल्याच्या दिवशी शेपूट थरथरायला लागेल. सुस्तपणा चालू द्या.

मशीन फ्लायबारलेस (हेडवर तोल सांभाळणारा दांडा नसलेलं, ते काम गायरोवर सोपवलेलं) असेल तर याकडे खास लक्ष द्या. जमिनीवर उभं असताना तुम्ही सायक्लिक स्टिक (मशीन पुढेमागे, डावीउजवीकडे कलवणारी) जरा उजवीकडे धरली की गायरो बघतो, सांगितलंय वळायला आणि हे तर हलत नाही. मग तो स्वॉशप्लेट (रोटर कलवणारी तबकडी) आणखी कलवतो, अजून कलवतो. तुम्हाला काहीच दिसत नाही. जमीन सुटते आणि मशीन थेट उजवीकडे झोपतं. म्हणून रोटर वेगात येईपर्यंत उजव्या स्टिकवरचा अंगठा उचलूनच ठेवा (मोड २, म्हणजे सायक्लिक उजव्या स्टिकवर, धरून बोलतोय), स्वॉशप्लेट सपाट आहे ना ते बघा, आणि मग रेंगाळू नका. इंच-दोन इंचांवर तरंगवत ठेवायची नवशिक्यांना हौस असते, पण तिथेच आपलाच वारा जमिनीवरून उलटून सगळ्यात जास्त गचके देतो. गुडघ्याएवढं वर न्या, तिथे ते शांत होतं. ट्रेनिंग गिअर असताना सुरुवातीचे दिवस जमिनीवर घसरत पुढेमागे नेण्याचा सराव ठीक आहे, पण तोही गुळगुळीत जागेवर, आणि स्टिकला अगदी हलके स्पर्श.

जागेचं सांगतो. पावसाळ्यात वाढलेलं गवत हा स्किडचा वैरी. टाइल्सवर उलटी तऱ्हा, रोटर वेग घेताना अख्खं मशीन गरगरतं. कठीण मैदानावर जुनं कार्पेट अंथरा, तीन-चार फुटांचं पुरतं. मी शहरात उडवत नाही. विमानतळ आणि लष्करी हद्दीच्या जवळ मनाई असते, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा आधी बघून घ्या. आणि लहान मुलांना लांब ठेवा. खेळणं म्हणून बघायला येतात. २५०० फेऱ्यांना त्या ब्लेडचं टोक ताशी ३३० किलोमीटरच्या वर जातं, तुम्ही स्वतःही निदान पाच-सहा मीटर मागे उभे राहा.

गिअर काढायचं कधी? एकदम काढू नका. सलग चार-पाच बॅटऱ्या एकही चेंडू अनपेक्षितपणे न टेकता गेल्या की प्रत्येक काडी ५ सेंटीमीटर कापा, चेंडू परत बसवा. पुन्हा तसंच जमलं की आणखी ५. शेवटी काड्या स्किडच्या जरा बाहेर उरतात, तेव्हा सोडून टाका. त्या दिवशी मशीन एकदम चपळ वाटेल, थोडं घाबरवेलही, तेव्हा वारा नसलेली सकाळ निवडा. माझ्या ओळखीचे एक काका सहा वर्षं चेंडू लावूनच उडवतात आणि मजेत आहेत, तोही एक मार्ग आहे.

दुकानातून पायांच्या दोन-तीन पुड्या एकदमच आणून ठेवा, आणि नायलॉनच्या स्क्रूंची एक पिशवी. तुमचा पिच कर्व्ह आणि गिअरचा खालून काढलेला फोटो टाकलात तर बघून सांगतो.